लेव्ह झिल्बर
लेव्ह अलेक्झांड्रोविच झिल्बर (२७ मार्च, १८९४ - १० नोव्हेंबर, १९६६) हे सोव्हिएत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराचा शोध आणि कर्करोगाची विषाणुजन्य उपपत्ती यांसाठी ते ओळखले जातात. कादंबरीकार व्हेनियामिन काव्हेरिन हे त्यांचे धाकटे बंधू होत.

पूर्वायुष्य

झिल्बर यांचे वडील लष्करी वाद्यवृंदाचे प्रमुख होते. मॉस्को येथे १९१९ साली वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते लाल सैन्यात डॉक्टर झाले. १९३० साली नागोर्नो-काराबाखमध्ये प्लेगची साथ आटोक्यात आणल्यानंतर त्यांना प्रथमच अटक झाली; काही महिन्यांनी सुटका झाली.

१९३७ ची मोहीम

अतिपूर्वेकडील तैगा अरण्यात लाकूडतोडे आणि जंगलात छावण्या टाकून राहणारे सैनिक एका अनोळखी आजाराने ग्रस्त होत होते. तीव्र ताप, डोकेदुखी, पाठोपाठ मान व हातांचा पक्षाघात आणि अनेकदा मृत्यू, असा त्याचा क्रम असे. डासांमुळे पसरणारा जपानी मेंदूज्वर तो हाच, असा सर्वसाधारण समज होता. झिल्बर यांना तो पटला नाही. रुग्ण वसंत ऋतूत, डासांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच आढळत होते. शिवाय त्यांचा परस्परांशी संपर्कही आलेला नसे. रुग्ण आढळण्याचा काळ गोचिडींच्या हंगामाशी जुळतो, हे त्यांच्या ध्यानी आले. साधी वाटणारी ही तुलनाच शोधाची किल्ली ठरली. सुमारे ३ महिन्यांत रोगाचा वाहक निश्चित झाला आणि उंदरांच्या मेंदूत संसर्गित द्रव्य टोचून विषाणू वेगळा करण्यात आला.

याची किंमत मोठी होती. पथकातील तरुण संशोधक मिखाईल चुमाकोव्ह यांना संसर्ग झाला. त्यांची श्रवणशक्ती गेली व एक हात कायमचा अधू झाला. पुढे हेच चुमाकोव्ह पोलिओ लसीमुळे विख्यात झाले.

पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात शोधलेला विषाणू याच कुळातील आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसराला परिचित असलेला 'माकडताप' तो हाच.

कारावास

मॉस्कोला परतल्यावर त्याच वर्षी त्यांना पुन्हा अटक झाली. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यातून मेंदूज्वर पसरविण्याचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. ज्या रोगाचा छडा लावला, तोच पसरविल्याचा हा आरोप! १९३९ मध्ये ते सुटले, १९४० मध्ये पुन्हा पकडले गेले. १९४१ साली या शोधाबद्दल सहकाऱ्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले, त्या यादीत झिल्बर यांचे नाव नव्हते.

पेचोरा येथील श्रमछावणीत पेलाग्राने कैदी दगावत असत. झिल्बर यांनी रेनडिअर खातात त्या दगडफुलावर यीस्ट वाढवून औषध तयार केले. बंदिवासातच इतर कैद्यांकडून तंबाखूच्या मोबदल्यात उंदीर मिळवून त्यांनी कर्करोगावरील प्रयोगही केले. त्यांच्या सुटकेसाठी लाल सैन्याचे मुख्य शल्यविशारद बुर्देन्को, बंधू काव्हेरिन आणि पहिल्या पत्नी, सोव्हिएत पेनिसिलिनच्या जनक झिनाईदा येर्मोल्येवा यांनी खटपट केली. मार्च १९४४ मध्ये ते मुक्त झाले.

उत्तरायुष्य

पत्नी व दोन मुले युद्धकाळात जर्मन छावण्यांत अडकली होती. १९४५ साली ती त्यांना परत मिळाली. मेंदूज्वरावरील ग्रंथासाठी १९४६ साली त्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले. मॉस्को येथे १९६६ साली त्यांचे निधन झाले. कोंबड्यांमध्ये अर्बुद निर्माण करणारा राऊस विषाणू सस्तन प्राण्यांनाही बाधतो, या शोधासाठी १९६७ साली त्यांना मरणोत्तर राज्य पारितोषिक देण्यात आले.