प्रयोगशाळांचा पाया घालणारा शास्त्रज्ञ

पंजाबात झेलम नदीच्या काठी भेरा नावाचे एक जुने गाव आहे. आज ते पाकिस्तानात आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी त्या प्रदेशाची अशी वाटणी झालेली नव्हती. या गावी २१ फेब्रुवारी १८९४ रोजी शांतिस्वरूप भटनागर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील परमेश्वरी सहाय हे शाळेत शिक्षक होते. घरची स्थिती बेताचीच होती. शांतिस्वरूप अवघे आठ महिन्यांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि ते बाळ मातेसह आजोळी आले.

आजोळ उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातील सिकंदराबाद येथे होते. मातामह मुन्शी प्यारेलाल हे रुरकीला शिकलेले अभियंते होते. त्यांच्या घरी पुस्तके होती आणि हत्यारेही होती. आपल्याकडे बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे कितीतरी आईबाप आपली मुले आजी-आजोबांच्या हवाली करून जातात. आजोबांच्या छायेत मूल कसे वाढते, हे त्या घरांना सांगावयास नको. ज्या वयात मुले खेळणी मोडतात, त्या वयात हा नातू आजोबांच्या हत्यारांशी खेळे. दोरीच्या साहाय्याने दूरवर आवाज पोहोचविणारी यंत्रे, लहानसे विद्युतघट, चालती खेळणी अशा वस्तू तो आपल्या हातांनी तयार करी. वस्तू कशी चालते हे पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नसे.

पुढे वडिलांचे एक स्नेही रघुनाथ सहाय यांनी या मुलाला लाहोर येथे नेले. ते तेथील दयाल सिंग विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या देखरेखीखाली शांतिस्वरूपांचे शालेय शिक्षण पुरे झाले. विद्यार्थीदशेतच, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी आपल्या प्रयोगाविषयी अलाहाबादच्या ‘लीडर’ पत्रात मजकूर छापविला. विद्युतघटात वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या कांड्यांऐवजी काय वापरता येईल, याचा त्यांनी शोध घेतला होता. त्यासाठी त्यांनी निवडलेला पदार्थ होता मळी. साखर करून झाल्यावर उरणारा हा काळा, चिकट पदार्थ. कोळशाच्या भुकटीबरोबर तो दाबून आणि तापवून त्यांनी कांडी तयार केली. टाकाऊ वस्तूतून उपयुक्त वस्तू निर्माण करण्याची ही दृष्टी त्यांनी जन्मभर जपली.

विज्ञानाइतकेच त्यांना साहित्याचेही वेड होते. महाविद्यालयात असताना त्यांनी उर्दूत एक छोटे नाटक लिहिले व त्यास पारितोषिक मिळाले. १९१५ साली रघुनाथ सहाय यांच्या कन्या लाजवंती यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयातून १९१९ साली त्यांनी रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळविली. दयाल सिंग विश्वस्तनिधीने त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. त्यांना अमेरिकेस जावयाचे होते. परंतु पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि इंग्लंडहून अमेरिकेकडे निघालेली जहाजे मायदेशी परतणाऱ्या सैनिकांनी भरून गेली होती. जहाजात जागाच मिळेना. तेव्हा निराश न होता त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक डोनन यांच्या हाताखाली संशोधनास आरंभ केला. तेल आणि पाणी यांसारखे एकमेकांत न मिसळणारे द्रव एकत्र कसे राहतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९२१ साली त्यांना विज्ञानातील डॉक्टरची पदवी मिळाली आणि त्याच वर्षी ते स्वदेशी परतले.

आरंभी तीन वर्षे त्यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केले. तेथील कुलगीताची रचना या रसायनशास्त्रज्ञानेच केली आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. १९२४ साली ते लाहोरच्या पंजाब विश्वविद्यालयात प्राध्यापक आणि रासायनिक प्रयोगशाळांचे संचालक झाले. येथील सोळा वर्षे हा त्यांच्या संशोधनाचा बहराचा काळ होय. पदार्थाचे चुंबकीय गुण व त्याची रासायनिक रचना यांच्यातील संबंधाचा त्यांनी सखोल अभ्यास केला. त्यासाठी लागणारा अत्यंत सूक्ष्म तराजू त्यांनी आपले सहकारी के. एन. माथुर यांच्यासह १९२८ साली तयार केला. या विषयावर दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला.

याच काळात त्यांच्या स्वभावाची खरी पारख करणारा एक प्रसंग घडला. रावळपिंडीजवळ एक कंपनी जमिनीत खोल छिद्रे पाडून खनिज तेल काढीत असे. छिद्र पाडताना त्यात पातळ चिखल सोडावा लागतो. या चिखलाबरोबर खडकाचा चुरा वर येतो आणि छिद्राच्या बाजूही ढासळत नाहीत. परंतु तेथे जमिनीच्या पोटात मिठाचे थर होते. खारट पाण्याचा स्पर्श होताच चिखलाचे कण एकमेकांस चिकटत व सारा चिखल घट्ट होऊन बसे. मग छिद्र पाडणारे यंत्र जागच्या जागी अडकून पडे. कंपनीच्या अभियंत्यांनी पुष्कळ उपाय केले. यश आले नाही. शेवटी हा प्रश्न भटनागरांकडे आला.

त्यांनी सुचविलेला उपाय अगदी साधा होता. चिखलात थोडा देशी डिंक मिसळावा! आपल्या कोरडवाहू शिवारात बांधाबांधावर बाभळी उभ्या असतात आणि त्यांच्या खोडांवर पाझरलेला डिंक मुले सहज गोळा करतात. तशाच झाडाच्या डिंकात कणांना परस्परांपासून अलग ठेवण्याची शक्ती असते, हे भटनागर जाणून होते. लंडनला तेल आणि पाणी यांच्या मिश्रणाचा जो अभ्यास त्यांनी केला होता, तो येथे उपयोगी पडला. डिंक मिसळताच चिखल पातळ राहू लागला व अडलेले काम सुरू झाले.

कंपनीच्या चालकांना अतिशय संतोष झाला. खनिज तेलासंबंधी पुढील संशोधनासाठी त्यांनी भटनागरांना दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी होती, याची आज कल्पना करणेही कठीण आहे. बालपणी पोरकेपण आणि ओढग्रस्त संसार पाहिलेल्या माणसाने त्यातून आपल्यासाठी काही राखले असते, तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु भटनागरांनी ही सारी रक्कम विश्वविद्यालयाकडे देण्यास सांगितले. तिच्यातून खनिज तेलाच्या संशोधनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुढे ही मदत अडीच लाखांपर्यंत वाढली आणि तिची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षांवर गेली. तरुण संशोधकांना प्रयोगाची साधने मिळाली. स्वतःच्या ज्ञानाचे मोल स्वतःच्या तिजोरीत न साठविता संस्थेच्या हवाली करावे, हा नियम भटनागरांनी त्यानंतरही सोडला नाही.

१९३९ साली दुसरे महायुद्ध भडकले. परदेशातून येणारा माल थांबला आणि हिंदुस्थानला कितीतरी गोष्टींसाठी परक्यांवर अवलंबून राहावे लागते, हे ठळकपणे दिसून आले. १९४० साली सरकारने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधनासाठी एक मंडळ नेमले आणि त्याचे संचालकपद भटनागरांकडे सोपविले. आवडती प्रयोगशाळा सोडून ते प्रथम कलकत्त्यास व नंतर दिल्लीस गेले. उंचावरून टाकले तरी न फुटणारी पिंपे, आग विझविणारा फेस, वनस्पतिजन्य तेलापासून यंत्रांचे वंगण अशा अनेक वस्तू त्यांच्या देखरेखीखाली तयार झाल्या. २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद या स्वायत्त संस्थेची स्थापना झाली. भटनागर हे तिचे पहिले प्रमुख होत.

युद्ध संपल्यावर देश स्वतंत्र होणार, हे स्पष्ट होऊ लागले होते. स्वतंत्र देशाला स्वतःचे विज्ञान हवे आणि विज्ञानाला घर हवे, या विचाराने भटनागर झपाटले गेले. प्रत्येक विषयासाठी एक राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारावयाची त्यांची योजना होती. त्यासाठी त्यांनी सरकारकडे पाठपुरावा केला, उद्योगपतींकडे झोळी पसरली, संस्थानिकांना गळ घातली. कोणी जमीन दिली, कोणी पैसा दिला. म्हैसूरच्या राजवाड्यात अन्नसंशोधनाची संस्था सुरू झाली, तर लखनौच्या छत्तर मंझिलात औषधांचे संशोधन चालू झाले.

महाराष्ट्रालाही या कार्याचा लाभ झाला. पुण्याजवळ पाषाणच्या वाटेवर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे तत्कालीन मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांनी बसविली. स्वातंत्र्य अजून चार महिने दूर होते. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पाठोपाठ दिल्ली, धनबाद, जमशेदपूर येथेही प्रयोगशाळा उघडल्या.

या वैभवाची किंमत भटनागरांना मोजावी लागली. १९४६ साली लाजवंतीबाईंचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ त्यांनी आपल्या उर्दू कवितांचा संग्रह त्यांच्याच नावाने प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. जन्मगाव भेरा आणि जेथे तारुण्य खर्ची पडले ते लाहोर, दोन्ही परक्या देशात गेली. कार्यालयीन कामाच्या भाराखाली त्यांचे स्वतःचे संशोधनही मागे पडले. त्यांच्यावर टीकाही झाली. सर चंद्रशेखर व्यंकट रामन आणि मेघनाद साहा यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञांना ही वाट पसंत नव्हती. सारा पैसा मोठ्या प्रयोगशाळांकडे वळला, तर विश्वविद्यालये कोरडी पडतील आणि नवे संशोधक घडणार कोठे, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. हा वाद आजही पुरता मिटलेला नाही. भटनागर स्वतः जन्माने शिक्षकपुत्र आणि वृत्तीने शिक्षक होते. १९५३ साली विश्वविद्यालय अनुदान आयोगाची स्थापना झाली, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. विश्वविद्यालयांची चिंता वाहण्याचे कार्यही अशा रीतीने त्यांच्या हाती आले. परंतु ते पुढे नेण्यास त्यांना अवधी लाभला नाही. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने दिल्लीत त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय साठ वर्षांचे होते.

त्यांनी घातलेल्या पायावर पुढे मोठी इमारत उभी राहिली. मतदानाच्या वेळी बोटावर लावतात ती न पुसणारी शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने शोधली. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांचे अन्न कसे करावे, हे म्हैसूरच्या संस्थेने दाखविले. शेतात नांगरट करणारा ‘स्वराज’ ट्रॅक्टर परिषदेच्या दुर्गापूर येथील संस्थेत आकारास आला. परिषदेची धुरा पुढे अनेकांनी वाहिली. त्यांत गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हेही होते. १९९५ ते २००६ या काळात ते परिषदेचे प्रमुख होते. हळदीचा जखम भरून काढण्याचा गुण हा आपलाच शोध आहे, असा हक्क अमेरिकेत सांगितला गेला, तेव्हा याच परिषदेने लढा देऊन १९९७ साली तो रद्द करविला. भटनागरांच्या नावाने १९५७ साली सुरू झालेल्या पारितोषिकाने कित्येक भारतीय शास्त्रज्ञांचा गौरव झाला आहे.

आजही एखाद्या खेड्यात आजोबांच्या अंगणात एखादा मुलगा किंवा मुलगी दोन काड्यापेट्यांना दोरा बांधून पलीकडच्या सवंगड्याचा आवाज ऐकत असेल. भटनागरांच्या विज्ञानाचा आरंभही अशाच एका अंगणात झाला होता. पुढे त्या मुलाला मानसन्मान मिळाले आणि धनही समोर चालून आले. ते धन त्याने प्रयोगशाळेच्या दारातूनच आत जाऊ दिले, म्हणून त्या दारातून पुढच्या पिढ्यांना आत येता आले.