चार्ल्स डार्विन : प्रवासातही न सुटलेली वही

मे महिन्याच्या सुट्टीत मूल गावाला निघालं, की आपण त्याला बजावतो, रोज पानभर लिही. पहिले दोन दिवस वही उघडते, मग ती बॅगेच्या तळाशी जाते. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री सगळ्या सुट्टीचं लेखन एका बैठकीत उरकलं जातं. अशा मुलाला, आणि खरं तर आपल्यालाही, चार्ल्स डार्विनची ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील नावाजलेले डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी त्याला एडिनबरोला पाठवलं, पण शस्त्रक्रिया बघवेनात म्हणून त्याने ते शिक्षण सोडलं. पुढे केंब्रिजमध्ये पदवी मिळाली, पण मन रमलं ते किडे गोळा करण्यात. १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासाला जाण्याची संधी आली. वडील आधी नाही म्हणाले, मग मामांनी त्यांची समजूत घातली.

२७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघालं तेव्हा डार्विन २२ वर्षांचे होते. ठरलेला दोन वर्षांचा प्रवास जवळजवळ पाच वर्षं चालला. बोट लागण्याचा त्रास तर शेवटपर्यंत गेला नाही. स्वतंत्र खोली नव्हती. नकाशांच्या टेबलावर टांगलेली झोळी हाच बिछाना. तरीही लिहिणं चालूच राहिलं.

त्यांची पद्धत बघा, किती साधी! किनाऱ्यावर उतरलं की खिशात छोटी वही आणि पेन्सिल. दिसेल ते दोन-चार शब्दांत तिथल्या तिथे टिपायचं. नंतर त्या टिपणांवरून सविस्तर रोजनिशी लिहायची. एखादा दिवस राहिलाच, तर टिपणं हाताशी असत. असं करत साडेसातशेच्या आसपास पानं झाली. रोजनिशीचे भाग ते घरी पाठवत. बहिणी ते वाचून शुद्धलेखनाच्या चुका कळवत, भाषा फुलोऱ्याची झाली तर तेही सांगत. डार्विन रुसले नाहीत, लिहीत राहिले.

पण एवढ्या शिस्तीच्या माणसाकडूनही एक चूक झालीच. १८३५ मध्ये ते गॅलापागोस बेटांवर पोहोचले. कासव पाहून ते कोणत्या बेटावरचं हे ओळखता येतं, असं तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं. डार्विन यांनी सुरुवातीला ते फारसं मनावर घेतलं नाही. मॉकिंगबर्ड पक्ष्यांची बेटवार नोंद त्यांनी ठेवली, पण फिंच पक्ष्यांचे बरेचसे नमुने बेटाचं नाव न लिहिताच ठेवून दिले. १८३७ मध्ये लंडनमधील पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी सांगितलं, की हे फिंच वेगवेगळ्या जातींचे आहेत. आता कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा? आठवणीवर काम भागेना. शेवटी कप्तान फिट्झरॉय आणि जहाजावरच्या इतरांनी जमवलेल्या नमुन्यांवरच्या नोंदींचा आधार घ्यावा लागला. त्या दिवशी एक शब्द लिहिला असता, तर ही धावपळ वाचली असती.

१८३६ मध्ये ते घरी परतले. रोजनिशीवरून तयार केलेलं प्रवासवर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध झालं. उत्क्रांतीवरचा त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ १८५९ मध्ये आला. त्याची सुरुवात या प्रवासातल्या निरीक्षणांत होती. १९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचं निधन झालं.

म्हणून येत्या सुट्टीत मुलांकडे पानभर निबंध मागू नका. खिशात मावेल अशी वही द्या. तारीख, ठिकाण आणि पाहिलेली एक गोष्ट, एवढंच, पण त्याच दिवशी. घरी आल्यावर त्यावरून सावकाश लिहू द्या. आणि वाचताना चुका जरूर दाखवा, पण डार्विनच्या बहिणींसारख्या, म्हणजे पुढचं पान लिहावंसं वाटेल अशा.