इस्राएल धर्मदीप लावणारे केहिमकर

अमेरिकेतील पहिले यहूदी नियतकालिक सॉलोमन जॅक्सन यांनी १८२३ साली न्यूयॉर्क येथे काढले, ते मिशनऱ्यांना प्रत्युत्तर म्हणून. महाराष्ट्रातही यहूदी लेखणी जागी झाली ती मिशनकार्याच्या सहवासात. परंतु तिचा सूर निराळा होता.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा जन्म १८३० साली अलिबाग येथे झाला. कोकणातील बेने इस्राएल तेल गाळण्याचा धंदा करीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शब्बाथ, सुंता व शमा प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. शास्त्रग्रंथ मात्र हाती नव्हते. जुना करार त्यांना आपल्या मराठी भाषेत मिळाला तो मिशनऱ्यांकडून. डॉ. जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून इब्री व्याकरण सिद्ध केले. शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे. ते वाचून बेने इस्राएलांपैकी फार थोडे ख्रिस्ती झाले. बाकीचे अधिक जाणते यहूदी झाले.

या जाणतेपणाला केहिमकरांनी संस्थांचा आधार दिला. १८५३ साली भावांच्या साहाय्याने त्यांनी शिक्षणप्रसारासाठी मंडळ स्थापले, १८७५ साली मुंबईत शाळा काढली, आणि पुढील दशकात ‘इस्राएल धर्मदीप’ हे नियतकालिक चालविले. शाळेला पुढे सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. १८९७ साली लिहिलेला त्यांचा बेने इस्राएलांचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. मिशनऱ्यांनी दिलेल्या शिक्षणाचे ऋण त्यांनी त्यात मोकळ्या मनाने नोंदविले आहे.