पॉझिट्रॉनिक मेंदूचे जनक

विज्ञानकथेतील यंत्रमानवाला ‘पॉझिट्रॉनिक’ मेंदू बहाल करणारे आयझॅक असिमोव्ह यांचा जन्म १९२० चा मानला जातो. सोव्हिएत रशियातील पेत्रोविची हे त्यांचे जन्मगाव. १९२३ मध्ये कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले. वडिलांच्या ब्रुकलिनमधील दुकानात विक्रीस येणाऱ्या मासिकांतून त्यांना विज्ञानकथांची गोडी लागली.

इलेक्ट्रॉनचा प्रतिकण असलेला पॉझिट्रॉन १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना सापडला. रसायनशास्त्राचे अभ्यासक असलेल्या असिमोव्ह यांनी हा नवा कण आपल्या कथांतील यंत्रमानवांच्या मेंदूत बसवला. वास्तविक इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोन्ही कण नष्ट होतात आणि गॅमा किरण उरतात. असा मेंदू टिकणे अशक्यच. असिमोव्ह यांना याची जाणीव होती. त्यांचे लक्ष मात्र यंत्राच्या नीतीकडे होते. १९४२ मध्ये त्यांनी या मेंदूला तीन नियमांचा लगाम घातला. माणसाला इजा न करणे हा त्यातील पहिला.

१९८३ मधील हृदयशस्त्रक्रियेवेळी दिलेल्या रक्तातून त्यांना एचआयव्हीची लागण झाली. ६ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले; त्यामागील हे कारण २००२ मध्ये उघड झाले. ज्या विनाशामुळे त्यांचा कल्पित मेंदू अशक्य ठरतो, त्यातूनच निघणारे गॅमा किरण आज पेट स्कॅनमध्ये कर्करोगाचा माग काढतात.