लॉर्ड केल्विन आणि मुकी तार

लॉर्ड केल्विन यांचे मूळ नाव विल्यम थॉमसन. २६ जून १८२४ रोजी बेलफास्ट शहरी त्यांचा जन्म झाला. बालपणीच मातृवियोग घडला. परंतु गणिताचे अध्यापक असलेल्या पित्याने मुलांच्या शिक्षणात काही उणे पडू दिले नाही. केंब्रिजचा अभ्यास पुरा करून १८४६ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगो विद्यापीठात अध्यापक झाले व १८९९ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या अनेक कार्यांपैकी एकाचीच हकीकत आम्ही येथे सांगतो.

अटलांटिक महासागराच्या तळाशी तार टाकून युरोप व अमेरिका जोडण्याचा उद्योग तेव्हा चालला होता. दूरची तार मुकी झाली, म्हणजे मनात दोन शंका येतात: पलीकडचा मनुष्य गप्प आहे, की मधला दुवाच तुटला आहे? यास्तव तार सोडीत असता दोन्ही टोकांकडून सतत खुणेचे संकेत पाठवीत. ते क्षीण संकेत ओळखण्यासाठी थॉमसनसाहेबांनी चिमुकल्या आरशाचे यंत्र केले. प्रवाह येताच आरसा किंचित वळे व त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरके. तांबे तुटले तर प्रवाह थांबतो. आवरण फाटले तर तो समुद्रात गळतो. आणि तारेचा विरोध मोजला असता दोष किती मैलांवर आहे याचाही अंदाज लागतो.

२९ जुलै १८५८ रोजी दोन जहाजांनी भर समुद्रात तारेची टोके जोडली व ती विरुद्ध दिशांना निघाली. वाटेत एकदा संकेत थांबले. सर्वांचा धीर खचला. तथापि तपासणी चालूच राहिली आणि काही वेळाने ठिपका पुन्हा हलला! ५ ऑगस्टला तार किनाऱ्यास पोहोचली. परंतु आधीच दुबळ्या असलेल्या त्या तारेत जबर दाबाचा प्रवाह सोडण्यात आला व काही आठवड्यांतच ती कायमची मुकी झाली.

१८६५ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरून नवी तार टाकताना ती तुटून दोन मैलांहून अधिक खोल पाण्यात गेली. त्या खेपेस दोष उमगण्यास विलंब होई, कारण तपासणी ठराविक वेळानेच होत असे. १८६६ साली विलोबी स्मिथ यांच्या योजनेने ती अखंड होऊ लागली आणि २७ जुलै रोजी दुसरी तार अमेरिकेस लागली. इकडे आयर्लंडच्या किनाऱ्यावर तुटलेल्या तारेच्या टोकाशी सेवक रात्रंदिवस ठिपका पाहत बसले होते. वर्षभर ती तार निःशब्द होती. २ सप्टेंबर १८६६ च्या पहाटे जहाजाने ते टोक वर काढले, आणि ठिपका हलला! त्याच वर्षी थॉमसन ‘सर’ झाले. पुढे १८७० साली त्याच जहाजाने मुंबई व एडन यांमध्ये तार टाकली.

आटगावच्या मुलांस रेल्वे नित्य दिसते. पुष्कळ रेल्वेमार्गांवर रुळांतून क्षीण प्रवाह खेळविलेला असतो. तो खंडित होताच सिग्नल तांबडा होतो. मौन म्हणजे धोका, असे तेथे गृहीत धरतात. आज संगणक दूरच्या भांडारात माहिती साठवितात, तेव्हाही ते मधून मधून लहानशी पृच्छा करतात. ठरल्या मुदतीत उत्तर न आल्यास दुवा तुटला असे समजून दुसरी वाट धरतात. मुदत फार थोडी असली तर चांगला दुवाही व्यर्थ सोडला जातो. फार मोठी असली तर काम खोळंबते. विवेक हवा, तो येथेच.

१८९२ साली त्यांस लॉर्ड ही पदवी मिळाली. इतका मान मिळूनही हे पुरुष नम्र होते. वर्गातील व्याख्यानाचा आरंभ ते प्रार्थनेने करीत. १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांनी देह ठेवला; वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या समाधीजवळ ते विसावले आहेत. मुलांनो, परगावी गेलेल्या भावाचे पत्र आले नाही, सोबतीचा मित्र बोलेनासा झाला, तर दुवा तुटला असे लगेच ठरवू नका. आणि स्वस्थही बसू नका. आपण होऊन विचारपूस करा, व उत्तराकडे लक्ष ठेवा. आईबापांसही आमची हीच विनंती आहे.