चार पिढ्यांचा हिशेब : इतिहासशास्त्रज्ञ इब्न खल्दून यांचे चरित्र

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराकडे सोपविले. कुलवृत्तांतासाठी घरोघरच्या वंशावळी गोळा करण्याचे कार्य सध्या आपल्यात उत्साहाने चालू आहे आणि त्या निमित्ताने ज्याच्या त्याच्या तोंडी आपापल्या पूर्वजांच्या मोठेपणाच्या गोष्टी आहेत. अशा वेळी मला आठवण झाली ती एका दूरदेशीच्या विद्वानाची. घराणी आणि राज्ये का वाढतात व का बुडतात, याचा त्यांनी सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी शांतपणे विचार केला आणि स्वतःच्या वंशावळीलाही त्या कसोटीतून सूट दिली नाही. त्यांचे नाव इब्न खल्दून.

तैमूरलंगाने १३९८ साली दिल्ली लुटली, हे वाक्य मी कित्येक वर्षे वर्गातील फळ्यावर लिहिले. त्याच तैमूरसमोर पुढे दोनच वर्षांनी एक वृद्ध इतिहासकार उभा राहिला होता, हे मात्र मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. शालेय पुस्तकांत जगाचा इतिहास तुकड्यातुकड्यांनी येतो. हे तुकडे जोडणारी माणसे त्यांतून निसटतात. इब्न खल्दून हे अशा माणसांपैकी एक होत.

त्यांचा जन्म २७ मे १३३२ रोजी उत्तर आफ्रिकेतील ट्यूनिस या नगरीत झाला. घराणे मूळचे अरबस्तानच्या दक्षिणेकडील हद्रमौत प्रांतातले समजले जाई. तेथून ते स्पेनमध्ये गेले आणि सेव्हिल नगरीत कित्येक पिढ्या मानाने राहिले. त्यांतील एका पूर्वजाने तर काही काळ त्या नगरीवर सत्ताही गाजविली. १२४८ मध्ये सेव्हिल कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाच्या हाती पडले. त्याआधीच हे कुटुंब समुद्र ओलांडून आफ्रिकेत आले होते. असा हा उच्च कुळाचा वारसा. परंतु आत्मचरित्र लिहिताना इब्न खल्दून यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंत दहाच नावे परंपरेने सांगितली जातात, हे त्यांनी नमूद केले आणि लगेच हिशेब मांडला. शंभर वर्षांत साधारण तीन पिढ्या होतात. मग जवळजवळ सातशे वर्षांत वीसएक नावे हवीत. अर्थात मधली पुष्कळ नावे गळली असली पाहिजेत! स्वतःच्या वंशावळीत भोक आहे असे आपण होऊन जगाला सांगणारे लोक विरळाच.

वडिलांनी दरबारी राजकारण सोडून विद्येचा मार्ग धरला होता. मुलाला त्यांनी धर्मशास्त्र, व्याकरण, काव्य, तर्क, गणित असे सर्व शिक्षण मिळवून दिले. १३४७ साली मोरोक्कोच्या सुलतानाने ट्यूनिस जिंकले आणि त्याच्या लवाजम्याबरोबर नामांकित पंडितही आले. त्यांतील अल्-आबिली हे या तरुणाचे आवडते गुरू झाले. पण हे सुख फार टिकले नाही. १३४८-४९ मध्ये आशिया, युरोप व आफ्रिका या तिन्ही खंडांना ग्रासणारी महामारी ट्यूनिसमध्ये शिरली. सतरा वर्षांच्या या मुलाचे आईवडील आणि बरेचसे गुरुजन तिने नेले. पुढे आपल्या ग्रंथात त्यांनी लिहिले आहे की, त्या साथीने शहरे उजाड केली, वाटा पुसल्या, घराणी दुबळी केली आणि जणू सारे जगच बदलून गेले. जग बदलले की त्याचा इतिहास नव्याने लिहावा लागतो, ही त्यांची धारणा होती. त्यांच्या साऱ्या विचाराचे मूळ या पोरकेपणात असावे, असे मला वाटते.

त्यानंतरची पंचवीस वर्षे धकाधकीच्या राजकारणात गेली. आधी ट्यूनिसच्या दरबारात फर्मानांवर ठरावीक मंगलवचन ठळक अक्षरांत लिहिण्याचे काम मिळाले. पुढे मोरोक्कोतील फेझ येथे सुलतानाच्या पदरी चिटणिशी मिळाली. तेथे कारस्थानाच्या संशयावरून १३५७ साली तुरुंगवास घडला आणि तो जवळजवळ दोन वर्षे, म्हणजे सुलतान मरेपर्यंत टिकला. आज या राजाकडे, उद्या त्याच्या शत्रूकडे, अशा त्यांच्या कोलांट्या पाहून त्यांना संधिसाधू म्हणणारे टीकाकार आहेत आणि ती टीका अगदीच निराधार नाही. चरित्रनायकाचे दोष झाकून चरित्र लिहू नये, असे मला वाटते.

याच फेझमधील एक आठवण आपल्या दृष्टीने विशेष आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी हिंदुस्थान पाहून तेव्हा मायदेशी परतला होता. दिल्लीची राजधानी आपल्या देवगिरीस हलविणारा महंमद तुघलक याच्या वैभवाच्या कथा तो सांगे आणि लोक त्याला थापाड्या समजून हसत. इब्न खल्दून यांनाही तसेच वाटले. तेव्हा तेथील वजिराने त्यांना एक दृष्टान्त सांगितला. एका प्रधानाला त्याच्या लहान मुलासह कैदेत टाकले. मुलगा तुरुंगातच वाढला. त्याने प्राणी म्हणून उंदीर तेवढे पाहिलेले. बाप मेंढीचे कितीही वर्णन करो, मुलाच्या मनात उंदरासारखेच काहीतरी उभे राही. आपण पाहिले नाही म्हणून ते खोटे ठरत नाही, हा बोध इब्न खल्दून यांनी कायमचा गाठीस बांधला.

१३६२ मध्ये ते स्पेनमधील ग्रॅनाडा येथे गेले. तेथील वजीर इब्न अल्-खतीब हे विद्वान व कवी. दोघांचा गाढ स्नेह जमला. १३६४ साली ग्रॅनाडाचे वकील म्हणून ते कॅस्टिलचा राजा पेद्रो याच्याकडे सेव्हिल येथे गेले. पूर्वजांच्या वैभवाच्या खुणा त्यांनी तेथे प्रथमच डोळ्यांनी पाहिल्या. येथेच राहा, तुमच्या पूर्वजांची मालमत्ता परत देतो, असे राजाने सुचविले. त्यांनी ते नम्रपणे नाकारले. वाडवडिलांची वास्तू परत मिळाली, तरी ज्या लोकांच्या आधाराने ती उभी होती ते लोक कोठून आणावयाचे? त्यांनी असे शब्द लिहिलेले नाहीत. तथापि त्यांचा पुढचा ग्रंथ वाचताना हाच प्रश्न माझ्या मनात उभा राहिला.

यानंतर बिजाया येथे त्यांना मुख्य कारभाऱ्याचे पद मिळाले, ते राजा युद्धात पडताच गेले. अरब टोळ्यांत फिरून राजांसाठी फौज जमविण्याचे कामही त्यांनी केले. या टोळ्यांत राहून त्यांनी वाळवंटातील माणसांची एकी, तिखटपणा आणि काटकपणा जवळून न्याहाळला. इकडे मित्र इब्न अल्-खतीब यांना १३७४ मध्ये फेझच्या तुरुंगात गळा दाबून मारण्यात आले. राजकारणाला विटून १३७५ साली इब्न खल्दून कुटुंबासह आजच्या अल्जीरियातील इब्न सलामा नावाच्या एकाकी गढीत जाऊन राहिले. तेथे त्यांना सुमारे चार वर्षांचा निवांतपणा लाभला. १३७७ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी आपल्या जगाच्या इतिहासाची प्रस्तावना लिहून काढली. तिलाच मुकद्दिमा म्हणतात. आज मूळ इतिहासापेक्षा ही प्रस्तावनाच अधिक वाचली जाते.

तिच्यातील पहिला विचार इतिहासाच्या पारखीचा आहे. थोर माणसाने लिहिले म्हणून ते खरे मानू नये. समाजात तसे घडणे शक्य आहे काय, हे आधी पाहावे. मोझेसच्या सैन्यात सहा लाख योद्धे होते, असे जुने इतिहासकार लिहीत. इब्न खल्दून विचारतात की, सत्तर माणसांच्या कुटुंबापासून चार पिढ्यांत इतके लोक झाले कसे? आणि एवढी फौज रणांगणात उभी राहिली, तर एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळणार कसे? आपल्या बखरींतील सैन्याचे आकडे वाचतानाही हा प्रश्न विचारण्यास हरकत नाही.

दुसरा विचार त्यांनी असबिया या शब्दाने मांडला. असबिया म्हणजे माणसांना एकमेकांसाठी झिजावयास लावणारी आपलेपणाची गाठ. कष्टात राहणाऱ्या लोकांत ती घट्ट असते. तिच्या बळावर ते राज्य मिळवितात. मग सुखे येतात, कामे भाडोत्री माणसांकडे जातात, राजा आपल्याच भाऊबंदांना दूर सारतो आणि गाठ सैल पडते. राज्याच्या आरंभी कर हलके असून तिजोरी भरलेली असते. अखेरीस कर जबर होतात आणि तिजोरी रिकामी पडते. असे करीत तीन पिढ्यांत, म्हणजे साधारण १२० वर्षांत, बहुतेक राज्ये थकतात, असा त्यांचा अंदाज होता.

घराण्याच्या मोठेपणाला ते चार पिढ्या देतात. पहिला पुरुष ते कमावितो. त्यासाठी काय सोसावे लागले हे त्याला ठाऊक असते. दुसरा बापाजवळ राहून ते कष्ट पाहतो. तिसरा केवळ चाल म्हणून पूर्वजांचे अनुकरण करतो. चौथ्याला वाटते की, हा मान आपल्याला जन्मानेच मिळाला आहे. तो इतरांना तुच्छ लेखतो आणि सारे गमावून बसतो. याला अपवाद असतात, हेही ते सांगतात. वंश ही मुख्यतः मनाची कल्पना आहे. तिने माणसे जोडली तरच तिचा उपयोग, एरव्ही ती निष्फळ, असे त्यांचे मत होते. शिवाय ही गाठ केवळ रक्ताची नसते; बरोबर राहिलेले, बरोबर झगडलेले आश्रित आणि स्नेहीही तिच्यात सामावतात, हे त्यांनी स्पष्ट केले.

शिक्षणाविषयीचे त्यांचे प्रकरण वाचून मी स्वतः खजील झालो. विषय तीन आवर्तनांत शिकवावा : प्रथम ठळक मुद्दे, मग विस्तार, शेवटी अवघड जागांची उकल, असे ते सांगतात. मुलांना कठोर शिक्षा केली तर त्यांचा उत्साह मरतो, ती आळशी होतात आणि माराच्या भीतीने खोटे बोलू लागतात, असेही ते बजावतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत छडी माझ्याही हाती असे. तिने कोणी शहाणा झाल्याचे मला आठवत नाही. खोटे बोलणारे मात्र आठवतात.

१३८२ साली ते कैरो येथे गेले. सुलतान बर्कूक याने १३८४ मध्ये त्यांना मालिकी पंथाचे मुख्य न्यायाधीश नेमले. वशिला न मानणारा हा परदेशी काझी पुष्कळांच्या डोळ्यांत सलू लागला. त्याच वर्षी ट्यूनिसहून येणारे त्यांचे कुटुंब अलेक्झांड्रियाजवळ जहाज फुटून बुडाले. घराण्यांच्या पिढ्या मोजणाऱ्या या माणसाचे स्वतःचे घर एका वादळात रिकामे झाले. न्यायाधीशपद गेले, पुन्हा मिळाले. एकंदर सहा वेळा ते त्या आसनावर बसले. मधल्या काळात त्यांचे अध्यापन आणि ग्रंथाची दुरुस्ती अखंड चालू होती.

आणि मग ती भेट. तैमूर सिरियावर चालून आला, तेव्हा मिसरच्या तरुण सुलतानाबरोबर इब्न खल्दूनही दमास्कसला गेले. राजधानीत बंडाची कुणकुण लागताच सुलतान सैन्यासह परतला. १४०१ च्या जानेवारीत अडुसष्ट वर्षांच्या या वृद्धाला दोराने तटाखाली उतरविण्यात आले आणि ते शत्रूच्या छावणीत गेले. सुमारे पस्तीस दिवसांच्या त्या मुक्कामात दुभाष्यामार्फत त्यांचे बोलणे होई. तैमूरने उत्तर आफ्रिकेची सविस्तर माहिती मागितली, ती त्यांनी लिहून दिली. त्यांनी तैमूरची स्तुतीही केली. प्राण वाचवावयाचे होते आणि एवढा मोठा विजेता जवळून पाहावयाचाही होता. काही विद्वानांना व अधिकाऱ्यांना त्यांनी अभय मिळवून दिले. दमास्कस मात्र वाचले नाही. ते लुटले गेले, जळाले. तैमूरने मागितलेले आपले खेचर त्यांनी देऊन टाकले होते. पुढे त्याची किंमत कैरोला आली, तेव्हा सुलतानाची परवानगी घेतल्यावाचून त्यांनी तिला हात लावला नाही.

१७ मार्च १४०६ रोजी कैरो येथे त्यांचे निधन झाले. सतराव्या शतकात तुर्की इतिहासकारांनी त्यांच्या विचारांचा आधार घेतला; १८५७-५८ च्या सुमारास मुकद्दिमा कैरो व पॅरिस येथे छापली गेली आणि १९५८ मध्ये तिचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध झाले. परक्या लोकांविषयीची त्यांची काही मते आज कोणी मान्य करणार नाही. ती त्यांच्या काळाची मर्यादा. पण राजांच्या नावांपलीकडे जाऊन समाजाची नाडी पाहणारा इतिहास त्यांनी शिकविला, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

वाचकहो, आता आपल्या घराकडे वळू. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा एक वळकटी घेऊन गावाहून शहरात आले, नातलगांच्या खोलीत दाटीवाटीने राहिले, एकमेकांच्या अडीअडचणीला धावले आणि त्या धावण्यातूनच आपल्यासारखी मंडळे उभी राहिली. वडिलांनी ते कष्ट पाहिले. आपण ते ऐकले. आपली नातवंडे आज चौथ्या पायरीवर उभी आहेत. कुलवृत्तांत जरूर छापावा. पण त्यात कोण किती मोठा झाला याबरोबरच, कोणी कोणाच्या मुलाची फी भरली, कोणी कोणाला आपल्या घरी ठेवून शिकविले, परक्या ज्ञातीच्या कोणत्या शेजाऱ्याने आपल्याला हात दिला, हेही लिहावे. वंशावळीतील एखादे नाव गळले तर फारसे बिघडत नाही. ही नोंद गळली, तर मात्र चौथ्या पिढीला वाटेल की हे सारे आपल्याला जन्मानेच मिळाले आहे.