शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख

विदर्भातील कुणबी-मराठा समाजाची क्वचितच अशी बैठक असेल की, जिच्या भिंतीवर छत्रपती शिवाजीमहाराज व संत तुकोबाराय यांच्या तसबिरींच्या पंक्तीत भाऊसाहेब पंजाबराव देशमुख यांची तसबीर नाही. दरवर्षी २७ डिसेंबरला त्या तसबिरीस हार घातला जातो, वसतिगृहांतून व शाळांतून भाषणे होतात आणि मुलांना खाऊ वाटला जातो. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या पुरुषाचे आपण स्मरण करतो त्याने आयुष्यभर काय केले व कोणासाठी केले, हे आपल्या घरातील तरुण मुलामुलींस नीटपणे ठाऊक असावे, या हेतूने हा अल्प परिचय ज्ञातिबांधवांच्या सेवेस सादर करीत आहोत.

भाऊसाहेबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी झाला. पिता शामराव, माता राधाबाई. घराणे शेतकऱ्याचे; उत्पन्न काय ते वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे व आभाळाच्या मर्जीचे. पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा लाड व अमरावती असे मुक्काम करीत त्यांचे शालेय शिक्षण पुरे झाले व पुढील अध्ययनासाठी ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२० साली त्यांनी विलायतेस जाण्याचे ठरविले, तेव्हा शामरावांनी जमीन गहाण टाकून पैसा उभा केला. शेतकऱ्याच्या लेखी जमीन गहाण टाकणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांस विस्ताराने सांगावयास नको. ते कर्ज घेऊन पंजाबराव बोटीत चढले आणि, आमच्या मते, त्या कर्जाची जाणीव त्यांना पुढे कधीच सोडून गेली नाही.

एडिंबरो येथे त्यांनी एम.ए. ची पदवी घेतली, संस्कृतच्या अभ्यासासाठी तेथील शिष्यवृत्ती संपादन केली, ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली आणि बॅरिस्टरीची परीक्षाही दिली. वेदाध्ययनाचा अधिकार ज्या वर्गास शतकानुशतके नाकारण्यात आला होता, त्या वर्गातील एका कुणब्याच्या मुलाने वेदांवरच विद्वन्मान्य प्रबंध लिहावा, ही घटना आपल्या समाजाच्या इतिहासात लहान नव्हे.

१९२६ साली ते स्वदेशी परतले व अमरावतीस वकिली करू लागले. सनद, विलायती पदवी आणि बुद्धी या तिन्ही गोष्टी जवळ असताना वडिलांचे कर्ज फेडून सुखाने राहणे त्यांना सहज शक्य होते. परंतु स्वामी श्रद्धानंदांची हत्या १९२६ च्या डिसेंबरात झाल्यानंतर लवकरच त्यांच्या नावाने भाऊसाहेबांनी अमरावतीस छात्रालय काढले. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या गरीब मुलांची तेथे राहण्याजेवण्याची सोय झाली. त्या छात्रालयाचा विशेष असा की, तेथे स्पृश्य व अस्पृश्य विद्यार्थी एका छपराखाली राहत आणि एका पंक्तीस जेवत. त्या काळी शहाणीसुरती माणसेही अशा घराचे पाणी पीत नसत, हे लक्षात घेतले म्हणजे या कार्यास किती धैर्य लागले असेल याची कल्पना येईल.

हेच १९२७ साल त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाचे आहे. अमरावतीचे अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्या वर्षी चळवळ झाली आणि नोव्हेंबर महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. भाऊसाहेब या चळवळीच्या पाठीशी उघडपणे उभे राहिले. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी विवाह केला. वधू सोनार समाजातील होती. देशमुख घराण्याच्या मुलाने जातीबाहेर लग्न करावे, ही गोष्ट आप्तेष्टांस व समाजास रुचली नाही, हे उघड आहे. परंतु विमलाबाईंनी विवाहानंतर बी.ए., एल्एल.बी. पर्यंत शिक्षण घेतले, पतीच्या प्रत्येक कार्यात खांद्यास खांदा लावला आणि पतीच्या निधनानंतर राज्यसभेच्या सभासद म्हणूनही काम केले.

१९२८ साली भाऊसाहेब अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शिक्षणाचा प्रसार आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणे या दोन गोष्टी त्यांनी हाती घेतल्या. शाळा काढल्याबद्दल सर्वांनी त्यांची वाहवा केली, विहिरी खुल्या केल्याबद्दल थोड्यांनीच केली.

१९३० साली ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून आले व मंत्री झाले. प्रांताची राजधानी आपले नागपूर असल्याने त्यांच्या कर्तृत्वाचा हा कालखंड याच शहरात गेला. शिक्षण व शेती ही खाती त्यांच्याकडे होती. दिवस मोठे कठीण होते. १९२९ नंतर जगभर मंदी आली, कापसाचे भाव कोसळले आणि सावकाराचे व्याज मात्र चढतच राहिले. जमिनीमागून जमीन सावकाराच्या घशात जाऊ लागली. अशा वेळी कर्ज लवाद मंडळांचा कायदा व्हावा म्हणून भाऊसाहेबांनी खटपट केली आणि १९३३ साली मध्यप्रांतात तसा कायदा झाला. धनको व ऋणको यांना लवाद मंडळापुढे समोरासमोर बसवावयाचे, कर्जाची रक्कम सामोपचाराने ठरवावयाची आणि शेतकऱ्यास झेपतील असे हप्ते बांधून द्यावयाचे, अशी त्याची योजना होती. पुष्कळ कुटुंबांची शेते त्यामुळे राहिली. गहाण जमिनीच्या पैशावर शिकलेल्या मुलाने आपल्या पित्यासारख्या शेतकऱ्यांच्या कर्जाचा विचार कायदेमंडळात नेला, हे या प्रकरणातील मर्म होय.

देवस्थानांच्या संपत्तीवर सार्वजनिक देखरेख असावी व ती शिक्षणादी लोकोपयोगी कामी यावी, या उद्देशाने त्यांनी विधेयकही मांडले. सनातनी मंडळींनी त्यास कडवा विरोध केला व ते तडीस गेले नाही. अपयशाचा हा प्रसंगही चरित्रात नमूद केला पाहिजे; कारण लोकप्रियतेकडे पाहून पाऊल टाकण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, हे त्यावरून दिसते.

याच काळात, १९३१-३२ च्या सुमारास, श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया अमरावतीस घातला गेला. एका माध्यमिक शाळेपासून वाढत गेलेल्या या संस्थेची आज कला, विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक इत्यादी शाखांची विद्यालये व महाविद्यालये विदर्भभर पसरली आहेत. नागपुरात काँग्रेसनगरातील धनवटे नॅशनल महाविद्यालय व शिवाजी विज्ञान महाविद्यालय ही याच संस्थेची. आपल्यापैकी कित्येक घरांतील पहिला पदवीधर या वास्तूंतूनच बाहेर पडलेला आहे. या संस्थेचे नाव शिवाजीमहाराजांचे, परंतु तिचा दरवाजा पहिल्यापासून सर्व जातींच्या मुलांस मोकळा राहिला, हे विसरता कामा नये.

पुढे घटना समितीचे सभासद असताना शेतकरी व मागासलेले वर्ग यांना राज्यकारभारात योग्य स्थान मिळावे, याचा त्यांनी आग्रह धरला. घटनेच्या ३४० व्या कलमान्वये १९५३ साली काका कालेलकर आयोग नेमला गेला. मागासवर्गीयांचा प्रश्न तेथवर पोचविण्यासाठी ज्यांनी श्रम घेतले त्यांत भाऊसाहेबांची गणना होते. १९५२, १९५७ व १९६२ साली ते अमरावतीहून लोकसभेवर निवडून गेले आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्र सरकारात मंत्री होते. शेती हेच त्यांच्या तेथील कामाचे मुख्य क्षेत्र राहिले. निवडलेले बी, ओळीतील रोवणी व भरपूर खत यांवर भर देणाऱ्या जपानी भातशेतीचा त्यांनी देशभर प्रचार केला. १९५५ साली भारत कृषक समाजाची स्थापना केली. दिल्लीस १९५९ च्या डिसेंबरात जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर तेथे आले होते. भारताच्या शेतकऱ्याने जगातील शेती डोळ्यांनी पाहावी, हा त्यामागील भाऊसाहेबांचा हेतू होता. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले. १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाने आजही शेतकऱ्यांची सेवा करीत आहे.

समाजबंधुभगिनींनो, जातीच्या मंडळाच्या स्मरणिकेत भाऊसाहेबांचे चरित्र छापताना मनात एक विचार येतो व तो लपवून ठेवणे योग्य वाटत नाही. ते आपल्या समाजाचे होते, याचा आपणांस अभिमान आहे. परंतु त्यांनी जे छात्रालय काढले ते केवळ आपल्या मुलांचे नव्हते, ज्या विहिरी खुल्या केल्या त्यांवर आपण आधीच पाणी भरीत होतो आणि त्यांचा स्वतःचा विवाह उपवर वधूवरांच्या आपल्या यादीत कोठेच बसला नसता. समाजाच्या उन्नतीसाठी झटणे आणि शेजारच्या वस्तीसाठी दार उघडणे, या दोन गोष्टी त्यांना कधी परस्परविरोधी वाटल्या नाहीत.

आपली मुले आज शिकली, नोकरीस लागली, काही परदेशीही गेली. शामरावांनी गहाण टाकलेल्या त्या जमिनीचे फळ आपणही खाल्ले आहे. तेव्हा येत्या वर्षी आपल्या मंडळातर्फे ज्या शिष्यवृत्त्या दिल्या जातील, त्यांपैकी निदान एक तरी जातीचा रकाना न पाहता गरजू व हुशार मुलास अथवा मुलीस द्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. भाऊसाहेबांच्या तसबिरीस घातलेला हार संध्याकाळपर्यंत सुकतो. एका मुलाचे शिक्षण मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ऋण फेडण्याची हीच रीत त्यांनी आपणांस घालून दिली आहे.